गुणाजीनं खातं का बंद केलं

काळाचौकीच्या नाक्याजवळ प्रितीचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. तिथे एक मशीन, एक कॉम्प्युटर, रिचार्जचे फलक आणि या सगळ्यात कशीबशी मावलेली प्रिती. वय पंचेचाळीसच्या आसपास, आवाज खणखणीत. बायकोच्या, रखमाच्या, तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी गुणाजी राऊळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि खिशातला मोबाईल त्यानं काउंटरवर ठेवला.

"हे बंद कर," तो म्हणाला.

"मोबाईल?"

"नाय. ते खातं. तू उघडून दिलेलंस ते."

प्रितीनं काही विचारलं नाही. तिला माहीत होतं, निदान अर्धं तरी. तिनं चारसहा ठिकाणी बोट लावलं आणि थांबली. "काका, कारण विचारतायत. का सोडताय म्हणून. त्यांनीच लिहिलेली कारणं आहेत, आपण फक्त टिक करायची." आणि तिनं वाचून दाखवली. फार वेळ जातो. सुरक्षित वाटत नाही. फार सूचना येतात. उपयोग वाटत नाही. कसं वापरायचं ते कळत नाही. दुसरं खातं आहे.

गुणाजी ऐकत राहिला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, दाढी वाढलेली, सदऱ्याची वरची दोन बटणं नाहीत. प्रितीच्या दुकानात असे बरेच येतात, कोणी खातं उघडायला, कोणी आठ दिवसांनी बंद करायला. तिचा अनुभव असा, की नवा माणूस पहिल्या आठवड्यात ओळखीचा आवाज शोधतो. तो मिळाला तर राहतो, नाही मिळाला तर उठून जातो. ओळखदेख नसलेल्या लग्नात जेवायला बसल्यासारखं होतं त्याला. पण गुणाजी आठ दिवसांत उठलेला नव्हता. तो तीन महिने बसून होता.

"कुठलं टाकू?" प्रितीनं विचारलं.

"कळत नाय म्हणून टाक," गुणाजी म्हणाला.

आता खरं कारण काय ते सांगायला हवं, कारण त्या यादीत ते नव्हतं आणि असणारही नव्हतं.

गुणाजी मूळचा कणकवलीकडचा. सोळाव्या वर्षी मुंबईत आला, कापडगिरणीत घड्या घालायच्या खात्यात लागला. संप झाला, गिरणी गेली, मग रे रोडला लाकडाच्या वखारीत राखणदार म्हणून उरलेली वर्षं काढली. पण काळाचौकीच्या चाळीत त्याला राखणदार म्हणून कोणी ओळखलं नाही. तो फळ्यावाला गुणाजी. चाळीच्या दारातच भिंतीला एक काळा फळा होता आणि त्यावर खडूनं लिहायचं काम गुणाजीचं. अक्षर असं, की छापलेलं वाटावं. पाणी कधी येणार, मंडळाची सभा कधी, कोणाचा मुलगा दहावीला किती टक्के मिळवून पास झाला आणि कोण गेलं. गेलेल्याची बातमी लिहिताना तो आधी फळा ओल्या फडक्यानं पुसायचा, सगळाच्या सगळा. मयताच्या बातमीशेजारी दुसरी कसलीच बातमी राहायची नाही. कामावरून येणारा जिना चढण्याआधी फळ्याकडे बघायचाच. ऐंशी खोल्या, चार मजले आणि कोणाला काही कळलं नाही असं कधी झालं नाही.

त्याची लिहिण्याची रीत ठरलेली. वर मोठ्या अक्षरात 'दुःखद निधन'. त्याखाली खोली नंबर. मग घरच्या पुरुषाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि त्यानंतर गेलेला माणूस त्याचा कोण लागतो ते. बाई गेली असली तर 'अमुक अमुक यांच्या पत्नी' किंवा 'यांच्या मातोश्री' आणि मग शेवटी तिचं नाव. शेवटच्या ओळीत मयत कधी निघणार ती वेळ. मंडळानं पंचवीस वर्षं झाल्यावर त्याचा सत्कार केला, शाल दिली, झेंडूचा हा एवढा हार घातला.

रखमा या रीतीवर टोचून बोलायची. "बाई मेली तरी तुमच्या फळ्यार पयलो बापयमाणूसच," ती म्हणायची. "तिचा नाव वाचूक जिनो चढान परत उतराक व्हयो." गुणाजी हसून सोडून द्यायचा. रीत ती रीत.

रखमाचं स्वतःचं काम याहून अवघड होतं. चाळीत बाई गेली, की तेवीस नंबरच्या, म्हणजे तिच्या, दारावर थाप पडायची. रखमा पदर खोचून उठायची, पाणी तापवायला सांगायची, पुरुषांना बाहेर काढायची आणि दार लावून घ्यायची. गेलेल्या बाईला शेवटचं न्हाऊ घालणं हे तिचं काम. कोणी नेमलेलं नव्हतं, पैशाचा तर प्रश्नच नाही. सवाष्ण असेल तर हिरवी साडी, हिरवा चुडा, कपाळभर मळवट, ओटी. बरोबर चारपाच बायका असायच्या, त्यात नलू परब कायमची. पण बोलायची एकटी रखमा आणि तीही मेलेल्या बाईशी. "हात सैल सोड गो जरा, बांगडी चढाची नाय. पाणी कडत नाय ना? बघ, नवी साडी हाडल्यानी तुका." बाहेर गॅलरीत उभ्या असलेल्या पुरुषांना आतून हे बोलणं ऐकू यायचं आणि रडणारेही थोडे शांत व्हायचे. विधवा बाई गेली तरी रखमा तिच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावायचीच. एका म्हाताऱ्यानं एकदा हरकत घेतली, तर म्हणाली, "वर घोव भेटतलो तिचो. तेका वळाख पटाक नको?"

अशा किती बायका तिच्या हातून गेल्या ते तिनं मोजलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. पण मूल नाही म्हणून हिच्या मागे कोणी नाही, असं म्हणायची त्या चाळीत कोणाची छाती नव्हती.

मग चाळ पाडायचं ठरलं. त्याची कथा सांगण्यात अर्थ नाही, सगळीकडे एकच असते. दोन बिल्डर, दोन गट, जिन्यात भांडणं, ज्यांनी एकमेकांची बाळंतपणं काढली त्यांनी एकमेकांवर तक्रारी केल्या. गटांचे मोबाईलवरचे ग्रुपही दोन झाले. गुणाजीनं दोन्हीकडे शहाणपण सांगितलं आणि दोन्हीकडून त्याला काढून टाकलं. चाळ पडली तेव्हा फळाही पडला, तो कोणी काढून ठेवला नाही. माणसं भाड्याच्या जागा शोधत नालासोपाऱ्याला, बदलापूरला, पनवेलला गेली. गुणाजी आणि रखमानं रे रोडला एका इमारतीत खोली घेतली. शेजारी मालवणी सोडा, मराठीही कोणी बोलत नव्हतं. वाईट माणसं नव्हती, पण दार लावून राहणारी.

चार वर्षं अशी गेली आणि रखमाच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा मशीनवर, मग ते तिला झेपेना. डॉक्टरांनी गुणाजीला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा. ते तिलाही न सांगता कळलं. दुसऱ्या दिवशी तिनं गुणाजीला खाटेजवळ बसवलं.

"माका भियां नाय," ती म्हणाली. "पण माका आपल्या बायकांनी न्हाऊ घालूक व्हया. परक्या बाईचो हात नको. हातमोजे घालतत हो त्यो, मी बघितलंय हास्पिटलात. नलूक सांगा. तिका सगळा ठावक आसा."

"सांगतंय," गुणाजी म्हणाला.

सांगतो म्हणाला खरा, पण सांगणार कसं? तुम्ही म्हणाल, फोन करायचा. अहो, ज्या नलूची हाक चाळीस वर्षं भिंतीपलीकडून यायची तिचा नंबर कोण लिहून ठेवतो? गुणाजीच्या डायरीत चाळीतले पाच नंबर होते. तीन लागले नाहीत, एक भलत्याचा निघाला आणि पाचवा ज्याचा तो दीड वर्षापूर्वीच वारला होता. त्याची बातमीही गुणाजीला त्या दिवशी, त्याच फोनवर कळली. नलू नालासोपाऱ्याला गेली एवढंच माहीत होतं, पण रखमाला सोडून नालासोपारा पालथा घालणं शक्य नव्हतं. पत्ताच नाही, तर जायचं कुठे? मंडळाच्या कचेरीत गेला, तर तिथल्या नव्या मुलांनी कुठल्या गटाचे म्हणून विचारलं. तो तसाच मागे फिरला.

येताना प्रितीच्या दुकानात थांबला. तिनं सांगितलं, की मोबाईलवर ओळखीची माणसं जोडून देणारी एक साईट आहे, तिथे नंबर लागत नाही, नावानं माणूस सापडतो. "सगळे असतात काका तिथे. तुमची अख्खी चाळ असेल."

अख्खी चाळ! गुणाजीच्या डोळ्यांसमोर फळाच उभा राहिला. तिथे लिहायचं, येणारा जाणारा वाचेल.

फोटो लावायची वेळ आली तेव्हा प्रिती त्याचा फोटो काढायला निघाली. गुणाजी नको म्हणाला. आताचा चेहरा कोण ओळखणार, दात गेले, गाल बसले. त्यानं घरून सत्काराचा फोटो आणला. प्रितीनं तो स्कॅन करून गोलात बसवला. शाल कापली गेली, राहिला चेहरा आणि गळ्यातला जाडजूड हार.

"काका, हार दिसतोय," प्रिती म्हणाली.

"दिसू दे. माझ्या सत्काराचा आहे. चाळीतल्या प्रत्येकानं बघितलाय तो." आणि तो अभिमानानं हसला. हे हसू पुढे त्याला किती महाग पडणार होतं याची प्रितीलाही कल्पना आली नाही. ती मी सांगतोय म्हणून तुम्हाला आता येईल, तिला कशी यावी?

माणसं शोधणं त्याला वाटलं तितकं सोपं नव्हतं. गुणाजीला माणसं ठाऊक होती ती पप्या, बारक्या, सदूची आई, माडीवरची काकी अशी. तिथे सगळी आडनावांसकट, इंग्रजीत आणि फोटोच्या जागी कोणाचा गणपती, कोणाची गाडी. बायका तर नव्हत्याच. नलू त्या साईटवर असण्याची शक्यताच नव्हती. मग त्यानं मुलं शोधायला घेतली. ज्यांना कडेवर घेतलं होतं ती मुलं, आता टक्कल पडलेली. एका दुपारी त्यानं त्रेसष्ट जणांना मैत्रीची विनंती पाठवली आणि साईटनं त्याला अडवलं. म्हणे, तुम्ही या लोकांना खरोखर ओळखता का?

गुणाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी ओळखतो का विचारतायत?" तो प्रितीवरच ओरडला. "ह्या यादीतल्या तिसऱ्याच्या बारशाला मी पाळण्याची दोरी बांधलेय!"

"मशीन विचारतं काका. नवीन माणसाला विचारतं. तुम्ही एकदम इतके पाठवले, त्याला वाटलं तुम्ही कोणीतरी लबाड."

त्रेसष्टांपैकी अकरा जणांनी हो म्हटलं. त्यात नलूचा मुलगा हेरंब होता. त्या दिवशी गुणाजी रखमासाठी बर्फी घेऊन गेला, जिला साखरही चालत नव्हती. "हेरंब गावलो," तो म्हणाला. रखमाचे डोळे चमकले. "नलूक सांगतलो मा तो?"

गुणाजीनं पहिला मजकूर लिहिला, रात्रीच्या जेवणाआधी, दोन तास खर्चून. 'चाळीतील सर्व रहिवाशांस सप्रेम नमस्कार. माझी पत्नी रखमा फार आजारी आहे. तिला चाळीतील भगिनींना भेटण्याची इच्छा आहे. कृपया यावे.' खाली पत्ता आणि नंबर. दुसऱ्या दिवशी त्यावर दोन अंगठे आले. एक हेरंबचा. त्याशिवाय त्यानं इंग्रजीत लवकर बरे व्हा असं लिहून खाली फुलांचं चित्र चिकटवलं होतं.

आता अंगठ्याचा अर्थ गुणाजीनं काय घ्यावा? गिरणीत ज्यांना सही येत नव्हती ती माणसं अंगठा द्यायची आणि अंगठा दिला की शब्द बांधला जायचा. हेरंबनं अंगठा दिला म्हणजे आईला सांगितलं, ती येणार, असं त्यानं धरलं. रखमालाही तसंच सांगितलं. रविवारी ती केस विंचरून, उशी पाठीशी घेऊन बसली. कोणी आलं नाही.

त्यानं पुन्हा लिहिलं. मग तिसऱ्यांदा. त्यावर एकही अंगठा नाही. फळ्यावर लिहिलं की माणूस थांबून वाचतो, हे त्याला समोर उभं राहून दिसायचं. इथे कोण आलं, कोण गेलं, काही कळत नव्हतं. एकदा हेरंबनं सहलीचा फोटो टाकला, समुद्रकिनारा, मित्र, हातात बाटल्या. गुणाजीनं त्याखाली लिहिलं, 'हेरंब, तुझ्या आईचा नंबर पाठव. रखमाकाकू वाट पाहते.' कोणीतरी त्यावर हसणारे चेहरे टाकले. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यानं लिहिलेलं तिथून गायब.

"त्यानं उडवलं काका," प्रिती हळूच म्हणाली. "फोटोखाली असं लिहीत नाहीत. त्याला लाज वाटली असेल. आतून वेगळा मेसेज पाठवायचा असतो." तिनं पाठवून दिला. तोही त्यानं उघडला नाही.

त्या संध्याकाळी गुणाजीला ते खातं बंद करावंसं वाटलं. खरंच वाटलं. चारचौघांत तोंडावर दार लावून घेतल्यासारखं झालं होतं. दुसरा कोणी असता तर तिथेच उठला असता, आणि तुमच्याआमच्यातले बरेच तिथेच उठतात. पण घरी गेल्यावर रखमानं रोजचाच प्रश्न विचारला, "कोण बोलला आज?" आणि गुणाजीच्या तोंडून निघून गेलं, "नलूचो निरोप इलो. येतली म्हणता. सगळ्यांक घेवन येतली."

पन्नास वर्षांच्या संसारात तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता असं नाही, पण हे खोटं त्याला गिळवेना. ती मात्र त्यावर जगली. पुढचा महिनाभर ती मनूला, म्हणजे तिचं अंग पुसायला येणाऱ्या आयाबाईला, रोज सांगायची, की माझ्या बायका येणार आहेत, तू तेव्हा बाजूला हो हं, राग मानू नको. मनू म्हणायची, "कशाला मानू आजी?"

एका मंगळवारी सकाळी सहाला गुणाजी चहा टाकायला उठला. चहा घेऊन आला तेव्हा रखमा गेलेली होती. डोळे दाराकडे होते. ते त्यानं मिटले, बराच वेळ तिचा हात धरून बसला आणि मग मोबाईल घेतला. रडायला वेळ होता, बातमी आधी जायला हवी होती.

त्यानं लिहिलं, जसं आयुष्यभर लिहिलं तसं. 'दुःखद निधन. काळाचौकी येथील आपल्या चाळीतील खोली नं. २३ मधील जुने रहिवासी श्री. गुणाजी धोंडू राऊळ यांच्या पत्नी सौ. रखमा यांचे आज सकाळी निधन झाले. त्यांना न्हाऊ घालण्यासाठी चाळीतील भगिनींनी लवकर यावे. मयत दुपारी दोन वाजता निघेल.' खाली पुन्हा पत्ता. दोनची वेळ त्यानं मुद्दाम ठेवली. नालासोपाऱ्याहून येणाऱ्या बायकांना घरचं आवरून पोचायला तेवढा वेळ लागणारच.

आणि काय सांगावं, नऊ वाजता मोबाईल वाजू लागला. तीन महिन्यांत जे झालं नव्हतं ते झालं. अकरा वाजेपर्यंत सत्तेचाळीस जणांनी लिहिलं होतं. ज्यांनी विनंती स्वीकारली नव्हती त्यांनीसुद्धा. गुणाजीचा चष्मा धड नव्हता, पण जोडलेले हात आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे त्याला वरच्या वर दिसलं. 'देव आत्म्यास शांती देवो.' 'चाळीचा आधार गेला.' बरोबर लिहिलंय, त्याला वाटलं. आधारच होती ती. सगळ्यांना कळलंय. आता सगळ्या येतील.

त्यानं मनूला थांबवून ठेवलं. हिरवी साडी, चुडा, कुंकवाचा करंडा, नारळ, सगळं रखमानंच पेटीत एकत्र बांधून ठेवलं होतं, ते काढून ठेवलं. पाण्याचं पातेलं गॅसवर चढवलं. पाणी तापलं, निवलं. पुन्हा तापवलं, पुन्हा निवलं. साडेबाराला प्रिती दुकान बंद करून आली. गावचे तिघे पुरुष वखारीतून आले, त्यांना त्यानं स्वतः जाऊन सांगितलं होतं. जिन्यात पाऊल वाजलं की गुणाजी दारात जायचा. एक वाजला, दोन वाजले. त्यानं तिसऱ्यांदा पाणी तापवलं.

अडीचला शववाहिनीचा ड्रायव्हर वर आला. "बाबा, दुसरीकडे जायचंय मला. किती वेळ?"

गुणाजीनं मनूकडे पाहिलं. ती बिचारी कधीची कोपऱ्यात उभी होती. "मला तुमच्यातलं काही येत नाही आजोबा," ती म्हणाली, "पण करते." तिनं पिशवीतून हातमोजे काढले. ते तिच्या कामाचा नियम होता, तिचा काही दोष नव्हता. तिनं आणि प्रितीनं दार लावून घेतलं.

गुणाजी बाहेर उभा राहिला. आतून पाणी पडल्याचा आवाज आला, पातेलं ठेवल्याचा आवाज आला. बोलणं नाही. एक शब्द नाही. त्याला वाटलं, दार ठोठावून सांगावं, अगो कोणीतरी बोला तिच्याशी, पाणी कडत नाही ना असं तरी विचारा. पण बायकांच्या कामात पुरुषानं तोंड घालायचं नाही, ही रीत रखमानंच घालून दिली होती. दहा मिनिटांत दार उघडलं. मळवट एका बाजूला कलला होता आणि चुडा मनगटापर्यंत चढलाच नव्हता, हातात घालायचा म्हणून बोटांतच अडकवून ठेवला होता. प्रिती रडत होती. "काका, मला नीट जमलं नाही हो," ती म्हणाली. गुणाजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. सहा माणसांत रखमा गेली.

दुसरा दिवस त्यानं मोबाईल बंद करून काढला. त्या सत्तेचाळीस जणांचा त्याला इतका संताप आला होता, की पुन्हा त्यांचं तोंड बघायला नको असं झालं. हात जोडायला वेळ होता मेल्यांना, यायला नव्हता. बायकांना तर त्यानं मनातल्या मनात नको नको ते बोलून घेतलं. नलूलाही.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास जिन्यात बायकांचे आवाज आले. पुष्कळ आवाज, धापा टाकणारे. त्यातला एक त्याला झोपेतही ओळखता आला असता.

"रखमा! ए रखमा! कुंकू पुसलंस काय गो? पुसू नको हा! आमी इलंव!"

गुणाजी दारात गेला. खालच्या वळणावर नलू होती, काठी टेकत, आणि तिच्या मागे चाळीतल्या आठनऊ जणी. कोणी बदलापूरहून, कोणी पनवेलहून आलेली. एकीच्या हातात पिठल्याचा डबा, एकीकडे भाकऱ्या. नलूनं मान वर केली आणि तिथेच थिजली. तिच्या मागच्या बाईनं किंचाळून कठडा धरला.

"तुमी?" नलू म्हणाली.

गुणाजीला काही कळेना. "तिसऱ्या दिवशी इलात?" तो ओरडला. "आता काय बघूक इलात? मंगळवारी दुपारी नेलंय तिका!"

"कोणाक?"

"रखमाक!"

नलू पायरीवरच बसली. तिच्या मागच्या बाईनं पर्समधून मोबाईल काढला, मुलानं पाठवलेला स्क्रीनचा फोटो उघडला आणि गुणाजीसमोर धरला. त्याचंच लिहिणं होतं. वर गोलात तो, गळ्यात हार घातलेला. खाली 'दुःखद निधन. काळाचौकी येथील आपल्या चाळीतील खोली नं. २३ मधील जुने रहिवासी श्री. गुणाजी धोंडू राऊळ' आणि तिथेच वाक्य तुटलं होतं. पुढचं वाचायचं तर बोट लावून उघडावं लागतं. कोणीच लावलं नव्हतं. पहिल्यानं 'गुणाजीकाका' म्हणून श्रद्धांजली लिहिली, ती बघून दुसऱ्यानं, ती बघून पुढच्यांनी.

"हेरंबान सांगल्यान, गुणाजीकाका गेले. पत्तोय तेनाच दिल्यान, तुमच्या जुन्या मजकुरातलो," नलू म्हणाली. तिचा आवाज खोल कुठून तरी येत होता. "बापयमाणसाच्या मयताक आमी बायका येवन काय करतलंव? म्हटलं, तिसऱ्या दिसा सगळ्यो मिळान जावया, रखमाच्या बाजूक बसाया. तिका कुंकू पुसूक देवचा नाय असा ठरवन इलंव." तिनं काठी बाजूला ठेवली. "रखमा गेली असा कळला असता, तर मी असतंय तशी धावत इलंय असतंय हो. तिनं माझ्या आवशीक न्हाऊ घातल्यान, सासवेक घातल्यान. आजारी होती म्हणान पण माका कोणी सांगल्यान नाय."

मग मागून एकीनं विचारलं, अगदी हलक्या आवाजात, "न्हाणला कोणी तिका?"

"बाहेरच्या बाईनं," गुणाजी म्हणाला. "हातमोजे घालून."

नलूनं पदर तोंडात धरला. बाकीच्या जणी जिन्यातच एकेका पायरीवर बसल्या. घरात यायला कोणी तयार होईना. आत कोणाजवळ बसायचं? बाईच नव्हती. गुणाजीनं या म्हटलं, पाणी तरी घ्या म्हटलं, पण त्या तिथेच बसून राहिल्या आणि हळूहळू रखमाबद्दल बोलू लागल्या, आपापसात, जशी ती बोलायची तशी, तिलाच सांगितल्यासारखं. गुणाजी चौकटीला धरून उभा होता. त्याच्यासमोर नऊ बायका होत्या, सगळ्या रखमासाठी आलेल्या, लांबून, पाय दुखत असताना. मंगळवारी आपण गेलो असतो, त्याच्या मनात आलं, तर या सगळ्या आत्ता घरात असत्या आणि रखमा त्यांच्यामध्ये बसलेली असती.